डंपरची खडी लागली, आता पुढच्या काचेला तडा – २०२१ ची जर्मन एसयूव्ही, कोटेशन १ लाख ८४ हजार. काय करू?

सातारारोड_रोजचा (पुणे)

नमस्कार मंडळी, गेले चार दिवस नुसती फोनाफोनी चाललीय आणि जितक्या जणांना विचारतोय तितकी वेगळी उत्तरं मिळतायत म्हणून शेवटी इथं लिहितोय. गाडी २०२१ ची जर्मन एसयूव्ही, ५२ हजार किलोमीटर झालेत, आजवर एकही क्लेम घेतलेला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी साताऱ्याहून परत येत होतो, खंबाटकीचा बोगदा मागं टाकला आणि शिरवळच्या अलीकडं पुढं खडीचा डंपर, वर ताडपत्री नाही काही नाही, मी लेन बदलायच्या आतच एक खडा टणकन काचेवर बसला. डाव्या बाजूला, वायपरच्या जरा वर, आठ आण्याच्या नाण्याएवढी चांदणी उमटली. आतून बोट फिरवलं तर गुळगुळीत लागत होतं, म्हटलं आतली काच शाबूत आहे, बघू सवडीनं. ही सवड काही मिळाली नाही. मंगळवारी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी दिवसभर उन्हात तापली होती, तीन वाजता बसलो, एसी फुल करून हवा काचेवर सोडली आणि सिग्नलला पोचेपर्यंत कट् असा आवाज आला. डोळ्यादेखत तडा उजवीकडं वर सरकत गेला. आता मोजला तर ३५ सेंटीमीटर आहे आणि त्याचं टोक आरशामागच्या कॅमेऱ्याच्या डब्याखाली जाऊन थांबलंय.

अधिकृत सर्व्हिस सेंटरचं कोटेशन असं, काच १ लाख ३८ हजार, मोल्डिंग क्लिपा सीलंट वगैरे १४ हजार, मजुरी १२ हजार, कॅमेरा कॅलिब्रेशन (म्हणजे कॅमेऱ्याचा कोन परत जुळवणं) २० हजार, एकूण १ लाख ८४ हजार. बाहेरचा एक काचवाला ६६ हजारात करून देतो म्हणतोय, काच तीच फक्त गाडीचा लोगो नसतो, आणि कॅलिब्रेशनची गरजच नाही, कॅमेरा होता तसा परत लावून देतो. एक मित्र म्हणतोय रेझिन भर, दोन हजारात काम होतं.

गाडीला हेडअप डिस्प्ले आहे (वेगाचे आकडे समोरच्या काचेवरच दिसतात तो), रेन सेन्सर आहे, लेन असिस्ट आणि आपोआप ब्रेक लागतो तेही आहे. बायको आठवड्यातून दोनदा एक्सप्रेसवेने मुंबईला जाऊन येते, पहाटे निघते, त्यामुळं पैसे वाचवायचे असले तरी तिच्या जिवाशी खेळून नाही वाचवायचे. कुणी हे केलं असेल तर नीट सांगा. क्लेम घ्यावा का, कुठली काच घ्यावी, आणि तोवर गाडी चालवावी का.

काचकाम_चाकण

दादा, मी २२ वर्षं काचेच्याच कामात आहे, आधी फिटर होतो आता पोरांना शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे रेझिनचा विषय सोडून द्या, ती वेळ गेली. पुढची काच ही एक काच नसते, दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाचा प्लास्टिकचा पडदा असं सँडविच असतं, म्हणून तर ती फुटली तरी अंगावर येत नाही, दाराच्या काचेचा मात्र भुगा होतो कारण ती टफन्ड असते. खडा लागतो तेव्हा फक्त बाहेरची काच फुटते आणि आत हवा शिरते. ती हवा व्हॅक्यूमनं ओढून घ्यायची, रेझिन दाबून भरायचं, यूव्ही दिव्यानं कडक करायचं, हे झालं रिपेअर, अर्ध्यापाऊण तासाचं काम. नाण्याएवढ्या खड्ड्याला ते मस्त चालतं, तुमची चांदणी पहिल्या आठवड्यात आली असती तर मी स्वतः भरून दिली असती. पण आता ३५ सेंटीमीटर तडा आहे, त्यात तीन आठवड्यांची धूळ आणि पाणी गेलंय, आणि टोक कॅमेऱ्यासमोर आहे. तिथं रेझिन भरलं तरी प्रकाश वाकडा जाणार आणि कॅमेऱ्याला ते दिसणार. कोणी पैसे घेऊन भरून देईलही, पण करू नका.

दुसरं, काच कुठली. लोगो नाही म्हणजे काच वाईट असं मुळीच नाही. गाडीच्या कंपन्या काच स्वतः बनवत नाहीत, काचेच्या कंपन्याच बनवतात आणि त्याच कंपन्या आपल्या नावानं बाहेरही विकतात. प्रश्न लोगोचा नाही, प्रश्न आहे तुमच्या काचेत जे जे आहे ते सगळं नवीन काचेत आहे का. तुमच्या आत्ताच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात छापलेलं सगळं मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बनवणाऱ्याचं नाव, गोलात ई आणि आकडा, ४३आर (ही युरोपच्या मान्यतेची खूण), काही काचांवर कानाचं चित्र किंवा अकूस्टिक असं लिहिलेलं असतं, म्हणजे आवाज अडवणारा पडदा आहे. आपल्याकडं विकायची असेल तर आयएस २५५३ या भारतीय मानकाचा शिक्का लागतो, मोटार वाहन नियमातला १०० नंबरचा नियम आहे तो, आणि पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे हेही त्यातच आहे.

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी अडचण हेडअप डिस्प्लेची. त्या काचेतला पडदा सगळीकडं सारख्या जाडीचा नसतो, खाली बारीक आणि वर जाड, पाचरीसारखा. कारण आकडे काचेच्या दोन पृष्ठभागांवरून परतून येतात, साधा पडदा असेल तर दोन प्रतिमा दिसतात, ८० च्या मागं अजून एक पुसट ८०. रात्री एक्सप्रेसवेला हे डोळ्यांना फार त्रास देतं. ६६ हजारवाल्याला एवढंच विचारा, हेडअपची काच आहे का आणि तसं बिलावर लिहून देणार का. उत्तर लगेच कळेल.

आणि कॅलिब्रेशनची गरज नाही म्हणतो ना, तिथंच त्याच्याकडं काम द्यायचं नाही हे माझ्यापुरतं ठरलं. कॅमेरा काचेला चिकटवलेल्या ब्रॅकेटवर बसतो. नवीन काच म्हणजे नवीन ब्रॅकेट, नवीन पीयूची (काच चिकटवायच्या गोंदाची) जाडी, एखादा मिलिमीटर इकडंतिकडं होतोच. कॅमेऱ्याचा कोन फक्त १ अंशानं चुकला तरी ५० मीटर पुढं तो जवळजवळ ८७ सेंटीमीटर बाजूला बघत असतो, म्हणजे शेजारच्या लेनमधला ट्रक त्याला आपल्या लेनमध्ये वाटू शकतो आणि समोरचा वाटत नाही. काही गाड्यांना सपाट जमिनीवर बोर्ड लावून करतात, काहींना मशीन जोडून पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवून, काहींना दोन्ही. डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे बरोबर आहे असं नसतं.

पॉलिसी_वाचून_घ्या

वरच्या भाऊंनी काचेचं सांगितलंय, मी पैशाचं सांगतो, १२ वर्षं मोटार क्लेमच बघतोय.

बहुतेकांना वाटतं काच म्हणजे निम्मे पैसे आपले. तसं नाही. स्टँडर्ड पॅकेज पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर ३० टक्के, पण काचेवर शून्य. म्हणजे झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसलं तरी काचेचे पूर्ण पैसे मिळतात. घसारा लागतो तो मोल्डिंग आणि क्लिपांवर, तिथं झिरो डेप असेल तर तेही सुटतं. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २ हजार रुपये सक्तीचे आपल्या खिशातून, ते कुणालाच सुटत नाहीत. प्रायमर पीयू हे कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंत टाकतात, त्याचं वेगळं कव्हर नसेल तर ते तुमच्याकडून घेतील.

आता खरा प्रश्न एनसीबीचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीचा. तुमची गाडी २०२१ ची, क्लेम नाही, म्हणजे आता ५० टक्क्यांवर आला असाल. क्लेम घेतला की पुढच्या रिन्यूअलला तो शून्य. मग परत २०, २५, ३५, ४५, ५० अशी चढण. म्हणजे पहिल्या वर्षी ५० टक्के गेले, दुसऱ्या वर्षी ३०, मग २५, मग १५, मग ५, बेरीज १२५ टक्के. कशाचे, तर ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमचे, थर्ड पार्टीचा याच्याशी संबंध नाही. पॉलिसी काढा, एनसीबी कापण्याच्या आधीचा ओन डॅमेजचा आकडा बघा आणि त्याला सव्वानं गुणा. गाडीची किंमत दरवर्षी उतरते त्यामुळं प्रत्यक्षात थोडं कमीच जाईल, पण अंदाज बांधायला हा आकडा पुरतो. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम घेतला तरी ही सवलत टिकवणारं कव्हर) घेतलं असेल तर हा हिशोबच नाही, डोळे मिटून क्लेम घ्या.

दोन गोष्टी मात्र पाळा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं बघायच्या आत काचेला हात लावू द्यायचा नाही, काच उतरवली की क्लेम अडकलाच समजा. आणि कॅलिब्रेशनची ओळ पहिल्या एस्टिमेटमध्ये वेगळी लिहून घ्या. मागाहून वाढवली की बरेचदा हे नुकसान नाही, सर्व्हिसिंग आहे म्हणून नाकारतात, मी स्वतः अशा फायली भांडून परत उघडल्यात.

रत्नागिरीची_लेक

माझा अनुभव वाचा आणि मग ठरवा. आमची गाडी तुमच्याइतकी महाग नाही, पण गोवा हायवेच्या कामावरची खडी गाडीची किंमत बघत नाही. मागच्या जूनमध्ये काच गेली, लगेच पाहिजे होती म्हणून शहरातल्याच एकाकडं गेलो. दुकानासमोर रस्त्यावरच बसवली, वर ताडपत्री धरून, बाहेर पाऊस. दीड तासात गाडी हातात दिली आणि घेऊन जा म्हणाला.

ऑगस्टमध्ये डाव्या बाजूच्या पायाखालची मॅट ओली लागायला लागली, आधी वाटलं एसीचं पाणी आहे. वास यायला लागला तेव्हा कार्पेट उचललं तर खाली पाणी साठलेलं आणि वायरिंगचा एक जोड हिरवा पडलेला. दुसऱ्या चांगल्या माणसाकडं काच परत काढली तर ज्या पत्र्यावर काच चिकटते तिथं पहिल्यानं पात्यानं ओरबाडून ठेवलेलं, वर प्रायमर लावलेला नाही, आणि आपल्या खाऱ्या हवेत तिथं गंज चढून पीयू पत्र्यापासून सुटत आलेला. त्या माणसानं मला हातानं दाबून दाखवलं, काच कोपऱ्यात हलत होती. माझा मुलगा पुढच्या सीटवर बसतो आणि शेजारची एअरबॅग उघडताना याच काचेवर आपटून वळते असं त्यानं सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. गंज खरवडून, पत्र्याला रंग देऊन परत बसवेपर्यंत गाडी पाच दिवस उभी.

काच मोडलेली दिसते, चिकटवलेलं कसं आहे ते दिसत नाही. तुम्ही फिटरला आधी भेटा, काच नंतर निवडा.

सातारारोड_रोजचा (पुणे)

ताई, वाचून खरंच काळजी वाटली, मुलाच्या बाबतीत वेळेत कळलं हे फार बरं झालं. सगळ्यांचे आभार.

पॉलिसी काढून बघितली. एनसीबी ५० टक्के बरोबर, झिरो डेप आहे, एनसीबी प्रोटेक्ट नाही, कन्झ्युमेबलही नाही. ओन डॅमेजचा मूळ आकडा ५८ हजार, सव्वानं गुणलं तर ७२,५००. म्हणजे क्लेम घेऊन सर्व्हिस सेंटरला केलं तर आत्ता पाचसहा हजार आणि पुढच्या पाच वर्षांत ७२ हजारांपर्यंत. बाहेर केलं तर ६६ हजार आणि वर कॅलिब्रेशन कुठूनतरी २० हजार, तेही दुसऱ्यानं बसवलेल्या काचेवर. शिवाय त्याला हेडअपचं विचारलं तर म्हणाला दिसेल ना साहेब काय फरक पडतो. तिथंच विषय संपला.

क्लेमच घेतोय. दोन प्रश्न राहिले. काच यायला आठ दहा दिवस लागतील म्हणतात, तोवर तडा वाढू नये म्हणून काय करायचं? आणि बसवताना मी तिथं उभं राहून बघायचं म्हटलं तर नक्की काय बघू?

काचकाम_चाकण

तोवर बायकोला दुसऱ्या गाडीनं पाठवा, एक्सप्रेसवेला ही गाडी नको. शहरात गरजेपुरती चालवा, हळू. सावलीत लावा, बसल्यावर आधी काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग एसी पायावर किंवा तोंडावर, काचेवर अजिबात नको. दार आपटू नका, चारी काचा बंद असताना दार आपटलं की आतली हवा काचेला धक्का देते. तड्यावर बाहेरून पारदर्शक टेप लावा म्हणजे धूळपाणी कमी जाईल. लोक फेविक्विक भरतात, त्यानं काहीच होत नाही.

बसवताना उभे राहाच, कोणी नाही म्हणत असेल तर मॅनेजरशी बोला. जागा छताखाली आणि कोरडी हवी. जुनी काच तारेनं कापतात की पात्यानं ते बघा, डॅशबोर्डवर कापड टाकलंय का बघा. जुना पीयू पूर्ण खरवडून पत्रा उघडा पाडायचा नसतो, एक दोन मिलिमीटर थर ठेवून त्यावरच नवीन चढवायचा, तोच सगळ्यात चांगला धरतो. कुठं ओरखडा गेला तर तिथं प्रायमर लावून तो वाळेपर्यंत थांबले पाहिजेत, ताईंच्या गाडीला नेमकं हेच कुणी केलं नाही. पीयूच्या नळकांड्यावरची एक्सपायरी वाचा, संकोच करू नका, माझ्याकडं येणाऱ्या माणसानं विचारलं तर मला आनंद होतो. नोझलला व्हीसारखी खाच पाडलेली असते, त्यातनं त्रिकोणी उंच धार सलग आली पाहिजे, मध्ये तुटली की पाणी तिथूनच येणार. नव्या काचेच्या कडेला उघड्या बोटांनी हात लावत असतील तर थांबवा, हाताचं तेल लागतं.

हा पीयू हवेतल्या ओलाव्यानं वाळतो, म्हणून पावसाळी हवा त्याला चालते पण चिकटवायच्या जागेवर पाण्याचा थेंब चालत नाही, लोक यात गोंधळ करतात. गाडी किती वेळानं हलवायची हे त्या नळकांड्याच्या कंपनीनं ठरवलेलं असतं, काही तासाभराचे असतात, काही बरेच जास्त. फिटरला वेळ विचारा आणि तेवढी थांबाच. घरी नेल्यावर एक दिवस एखादी काच बोटभर खाली ठेवा, टेप लावलेली असेल तर दुसऱ्या दिवशी काढा, दोन दिवस प्रेशरनं धुवू नका.

रेन सेन्सरच्या मागं जेलची चकती असते, जुनी परत चिकटवली की हवेचे बुडबुडे राहतात आणि कोरड्या काचेवर वायपर आपोआप फिरायला लागतो. नवीन मागा.

टोलनाका_ओळखीचा

फास्टॅगचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जुना टॅग सोलून नव्या काचेवर लावता येत नाही, तो काढताना फाटावा असाच बनवलेला असतो. तुमच्या बँकेला आधीच कळवून त्याच गाडीवर बदली टॅग मागवा, नाहीतर काच बसेल आणि खेड शिवापूरला अडकाल. हातात धरून दाखवायचा विचार करू नका, सुटे टॅग ब्लॅकलिस्ट करायचं महामार्ग प्राधिकरणानं २०२५ मध्ये जाहीर केलंय. अजून एक, महागड्या गाड्यांच्या काचेला उन्हाची उष्णता परतवणारा धातूचा लेप असतो, तो रेडिओ लहरीही अडवतो. आरशाजवळ बिनलेपाची एक छोटी जागा सोडलेली असते, टॅग तिथंच लावायचा. माझ्या भावानं वाटेल तिथं लावला आणि तीन महिने प्रत्येक नाक्यावर मागंपुढं करत होता.

आणि एचएसआरपीचा जो रंगीत स्टिकर काचेवर आतून असतो, नंबर प्लेटचाच तिसरा भाग तो, तोही जुन्या काचेबरोबर जातो. त्याचीही नवीन मागणी करा.

विदर्भ_४५

आमच्याकडं मे महिन्यात ४५ डिग्रीत काच तडकणं नवीन नाही. चांदणी पडली की त्याच दिवशी भरून घेतो, दोन वर्षांपूर्वी भरलेली अजून तशीच आहे, पुसट डाग दिसतो फक्त. दोन अडीच हजाराचं काम, त्याला क्लेम लावून एनसीबी घालवू नका एवढंच सांगतो.

सातारारोड_रोजचा (पुणे)

सोळा दिवसांनी लिहितोय. काच अकराव्या दिवशी आली. सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला, कॅलिब्रेशनची ओळ पहिल्यापासून लिहिलेली होती त्यामुळं त्यानं विचारलंही नाही. माझ्या खिशातून २ हजार आणि कन्झ्युमेबलचे ३,४०० गेले.

मी पूर्ण वेळ उभा होतो. फिटर मुलगा शांत होता, नळकांड्याची तारीख विचारली तर त्यानं हसून स्वतःच पुढं केली. खाली डाव्या कोपऱ्यात पातं लागून एक ओरखडा गेला, मी काही बोलायच्या आत त्यानंच थांबून प्रायमर लावला आणि दहा मिनिटं हातातलं काम बाजूला ठेवलं. चाकणच्या दादांनी लिहिलं नसतं तर तो का थांबलाय हे मला कळलंही नसतं. रेन सेन्सरचं जेल मात्र जुनंच लावत होते, ते मी बदलायला लावलं. संध्याकाळपर्यंत गाडी तिथंच ठेवली, दुसऱ्या दिवशी बोर्ड लावून कॅलिब्रेशन झालं, मग टेक्निशियनबरोबर बाह्यवळणावर वीस मिनिटं चक्कर. त्याचा रिपोर्ट मागून घेतला. हेडअपचे आकडे एकच दिसतात, रात्रीही बघितलं. नवा फास्टॅग आरशाशेजारच्या जागेत लावलाय, काल तळेगावला पहिल्या झटक्यात वाचला.

बायको आज पहाटे मुंबईला जाऊन परतसुद्धा आली. आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या गाडीला परवा मोशीजवळ खडा लागलाय, शिरपेचासारखी छोटी चांदणी, डाव्या बाजूला. ते म्हणत होते बघू पुढच्या महिन्यात. मी त्यावर टेप लावून दिली आणि उद्या सकाळी अकराला त्यांना घेऊन भरायला जातोय.